गाडीची नाडी

दुखणे नीट सांगता येणे ही एक कला आहे आणि आपणा मंडळींना ती फारशी साधलेली नाही. डॉक्टरांनी "काय होतंय?" असे विचारले की आपण "बरं वाटत नाही" असे उत्तर देतो. बरे वाटत असते तर आपण तेथे गेलोच नसतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते. मग कुठे दुखते, केव्हा दुखते, जेवणाआधी की जेवणानंतर, ठणकते की टोचते, असे एकेक प्रश्न विचारून ते बिचारे आपल्याकडून आपल्याच पोटाची हकीकत काढून घेतात. मोटारीच्या बाबतीत तर आपली मजल याहूनही कमी. "गिअर बिघडलाय हो!" एवढे सांगून आपण किल्ली गॅरेजवाल्याच्या हाती ठेवतो आणि तो जो आकडा सांगेल तो ऐकून मुकाट्याने घरी येतो.

वर्षभर या सदरात मी शब्दांविषयी लिहीत असतो. "निदान दिवाळीत तरी लोकांना व्याकरणाचा फराळ नको," अशी सूचना यंदा आमच्या स्वयंपाकघरातून आली. ती शिरसावंद्य मानून मी जुन्या जीपगाडीच्या गिअरबॉक्सविषयी लिहावयाचे ठरविले आहे. यंत्राचे नाव ऐकून कोणी पान उलटू नये. या गोष्टीतही शब्द आहेत, आणि एका म्हाताऱ्या गाडीचे प्राण त्यांनीच वाचविले आहेत.

ठाणे जिल्ह्यात मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागले की म्हसा गाव येते. पौष पौर्णिमेला तेथे खांबलिंगेश्वराची, म्हणजेच म्हसोबाची, मोठी यात्रा भरते. देवाइतकीच ती प्रसिद्ध आहे गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी. या बाजारात बैल घेणारा जाणता शेतकरी मी लहानपणापासून पाहात आलो आहे. तो आधी किंमत विचारीत नाही. प्रथम बैलाचा जबडा उघडून दात बघतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे पाहिले की वय कळते. मग त्याला चालवतो, वळवतो, मागे रेटतो. खूर कसा टाकतो ते पाहतो. मानेवर जुवाचा घट्टा कितपत पडला आहे त्यावरून हात फिरवतो. हे सारे झाल्यावर मगच भावाची गोष्ट निघते. हा क्रम कोणी कागदावर लिहून ठेवलेला नाही, पण तो कोणी मोडीतही नाही. गिअरबॉक्सची परीक्षा काही याहून निराळी नाही. तेथेही दातच पाहावयाचे असतात. फरक एवढाच की बैल जबडा उघडू देतो, आणि गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीच त्याचे दात कसे आहेत हे ओळखण्यात खरे कसब असते.

आता जीपविषयी थोडे. ही गाडी जन्माने लष्करी. १९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने पहिला नमुना बनविला. पुढे विलिस आणि फोर्ड या दोन बड्या कारखान्यांनी युद्धकाळात अशा सहा लाखांवर गाड्या बांधल्या. युद्ध संपले आणि तीच गाडी शेतकऱ्याच्या कामाला लागली. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्र आणि महंमद' या नावाची कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, आणि १९४८ साली ती 'महिंद्र आणि महिंद्र' झाली. विलिसच्या जीपगाड्या मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या व पुढे येथेच बनू लागल्या. उंच बॉनेटची जी जीप आपण जुन्या चित्रपटांत फौजदारसाहेबांच्या बुडाखाली पाहतो, ती १९५३ साली अमेरिकेत निघाली आणि तेथे १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र तिचा वंश त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. धरणाचे इंजिनियर, जंगलखात्याचे अधिकारी, निवडणुकीतले उमेदवार आणि खेड्यापाड्यांतले खाजगी वाहतूकवाले, या सर्वांना तिने सारख्याच निर्विकारपणे धक्के दिले आहेत.

अशीच एक जुनी जीप माझ्या मामांकडे आहे. मामांचे घर म्हसा गावापासून आत, एका ओढ्याच्या पलीकडे. मामांनी ती घेतली तेव्हाच ती सेकंडहँड होती. आता मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे, आणि गाडीचे वय गाडीच्या समोर काढू नये अशी मामींची ताकीद आहे. भाताची पोती, गवताचे भारे, लग्नाचे वऱ्हाड असे सर्व काही तिने वाहिले. पण तिचे खरे काम रात्रीचे. ओढ्यावर फरशी आहे, परंतु पावसाळ्यात तिच्यावरून पाणी जाते. रुग्णवाहिका बोलाविली तर ती येते, पण अलीकडच्या काठापर्यंत. वाडीतल्या अडलेल्या बाईला किंवा पान लागलेल्या माणसाला पलीकडून अलीकडे आणावयाचे असेल, तर लोक मामांच्या ओट्यावर येऊन उभे राहतात. मामा काही बोलत नाहीत. खुंटीवरची किल्ली काढतात.

गेल्या उन्हाळ्यात या गाडीने तीन खोड्या सुरू केल्या. पहिला गिअर टाकताना ती करकरू लागली. उतारावर दुसरा गिअर आपोआप निसटू लागला. आणि उभी असतानासुद्धा तिच्या पोटातून आवाज येऊ लागला. माझा मामेभाऊ डोंबिवलीस बँकेत असतो. मुलगा कर्तव्यदक्ष आहे. तो रजा घेऊन आला, गाडी टेंपोवर चढवून शहरातल्या एका गॅरेजात घेऊन गेला आणि तेथे सांगितले, "गिअर बिघडलाय." त्यांनी एक फेरी मारली आणि सांगितले, "गिअरबॉक्स गेला. पूर्ण बदलावा लागेल." जो आकडा त्यांनी सांगितला तो ऐकून मामेभावाने हिशेब केला: एवढ्या पैशाला आणखी थोडे जोडले तर एक बऱ्यापैकी जुनी मोटार येते, आणि ही गाडी भंगारात दिली तर ते थोडेही सुटतात. बँकेतला हिशेब, त्यात बेरजेची चूक असणार नाही. फक्त त्या मोटारीला ओढा ओलांडता येत नाही, हा मुद्दा कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली आणि मी मामांकडे गेलो, तेव्हा घरात या विषयावर कोणीच बोलत नव्हते. मामा ओट्यावर, मामेभाऊ माजघरात, आणि मामी दोघांना वेगवेगळा चहा देत होत्या. मृग लागायला तीन आठवडे होते. शेवटी मामी मला म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, काहीतरी सांग." मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने गिअरबॉक्सविषयी काय सांगावे? मी एवढेच सुचविले की भंगारात द्यायच्या आधी आणखी एका माणसाला दाखवू. मुरबाडच्या रस्त्यावर एका झाडाखाली एका वृद्ध मिस्त्रींची शेड आहे. जन्मभर त्यांनी जीपच दुरुस्त केल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे गाडी हळूहळू चालवीत त्यांच्याकडे गेलो.

मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. त्यांनी विचारले, "आवाज कसला येतो?"

"मोठा येतो," मामेभाऊ म्हणाला.

"मोठा-लहान नव्हे, दादा. कसला? घरघर, खरखर, करकर, खडखड, टकटक की घूं?"

वाचकहो, त्या झाडाखाली मी एकदम सावरून बसलो. ज्यांना आम्ही वर्गात अनुकरणवाचक शब्द म्हणतो आणि परीक्षेत दोन गुणांना विचारतो, ते या गृहस्थांच्या हातात वैद्याच्या नळीसारखे होते. त्यांच्या लेखी प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरलेला होता. जात्यासारखी अखंड घरघर आली तर बेअरिंग. गिअर टाकतानाच करकर झाली तर क्लच किंवा पितळी कडे. चाकाच्या वेगाबरोबर ताल धरून टकटक वाजले तर एखादा दात तुटलेला. गाडी उचलताना एकदाच खट्ट झाले तर दोष गिअरबॉक्सचा नव्हे, मागच्या दांड्याच्या सांध्याचा. आणि वेगाबरोबर चढत जाणारा घूंकार जुन्या जीपला थोडासा असतोच. तिची घडणच तशी आहे. "मास्तर," ते मला म्हणाले, "तुम्ही लिहा. मी सांगतो तसं ह्यांना चालवू द्या."

त्यांनी काय काय केले ते सांगण्यापूर्वी त्या पेटीच्या आत काय असते ते दोन शब्दांत सांगतो. इंजिन वेगाने फिरते, पण त्या वेगात जोर कमी. लहान दात्याच्या चाकाने मोठे चाक फिरविले की फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. या जुन्या जीपला पुढे जाण्याचे तीनच गिअर. पहिल्यात इंजिनाच्या सुमारे पावणेतीन फेऱ्यांना बाहेरचा दांडा एकदा फिरतो, दुसऱ्यात सुमारे दीड फेऱ्यांना, आणि तिसऱ्यात एकास एक. पेटीत वर दोन दांडे एकाच रेषेत असतात: एक इंजिनाकडून येणारा, दुसरा चाकांकडे जाणारा. त्यांच्या खाली तिसरा. पहिल्या व दुसऱ्या गिअरात जोर वरून खाली आणि खालून पुन्हा वर असा जातो. तिसऱ्यात मात्र वरचे दोन दांडे एकमेकांना थेट जोडले जातात आणि खालचा नुसता रिकामा फिरत राहतो. क्लच दाबला की इंजिन आणि पेटी यांचा संबंध सुटतो. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे निदान तर्काने सुटते. तर्कशास्त्राच्या पुस्तकात याहून चांगले उदाहरण मी पाहिलेले नाही.

पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून. मिस्त्रींनी तिन्ही गिअर आणि रिव्हर्स एकापाठोपाठ एक टाकून पाहिले. सगळे लोण्यात सुरी जावी तसे पडले. म्हणजे दांडा, आतले काटे आणि सरकणारी चाके ठीक. मग इंजिन सुरू केले, क्लच पूर्ण दाबला, तोंडाने दहा आकडे मोजले आणि रिव्हर्स टाकला. करकर झालीच. क्लच खरोखर सुटला असता तर दहा आकड्यांत आतली चाके फिरायची थांबली असती. ती थांबली नाहीत, म्हणजे क्लच पुरता सुटत नव्हता. त्यांनी पेडल हाताने दाबून पाहिले. वरची मोकळी चाल इंचभर असावी. येथे पेडल कितीतरी खाली जाईपर्यंत काही घडतच नव्हते. मोकळी चाल फार झाली तर क्लच सुटत नाही, आणि मुळीच नसली तर क्लच घसरून जळतो. "ही पेटीची चूक नाही, हा पायाचा हिशेब आहे," असे म्हणून त्यांनी खाली शिरून जोडदांड्याची नटबोल्टे फिरविली. दहा मिनिटांत पहिली खोडी निम्म्याहून अधिक गेली.

उरलेली निम्मी माझ्या मामेभावाच्या सवयीत होती. या जुन्या जीपच्या पहिल्या गिअराला सिंक्रो नसतो. सिंक्रो म्हणजे दोन चाकांचे वेग सारखे करून मग त्यांची गाठ घालून देणारे पितळी कडे. एक प्रकारचा मध्यस्थच म्हणा ना! १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम आला, आणि त्यापूर्वीच्या साऱ्या चालकांना ती मध्यस्थी स्वतःच्या पायांनी करावी लागे. या जीपला दुसऱ्या-तिसऱ्याला असा मध्यस्थ आहे, पहिल्याला नाही. तेव्हा पहिला गिअर गाडी पूर्ण उभी राहिल्यावर टाकावा. चालत्या गाडीत टाकावयाचाच असेल तर क्लच दाबून न्यूट्रल करावा, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला किंचित पाय लावावा, पुन्हा क्लच दाबावा आणि मग गिअर टाकावा. जुन्या ट्रक-बसचे चालक घाटात असेच करीत. शहरातल्या नव्या मोटारीवर हात बसलेल्या माणसाला हे कसे ठाऊक असणार? त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी परीक्षा आवाजाची. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नाही. घरघर आली. क्लच दाबला, घरघर थांबली. सोडला, पुन्हा सुरू. "लिहा," मिस्त्री म्हणाले. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर क्लचचे बेअरिंग दोषी ठरले असते. येथे उलट होते, म्हणजे पेटीतले काहीतरी. मग गाडी रस्त्यावर काढली. पहिल्यात घरघर, दुसऱ्यात घरघर, आणि तिसऱ्यात ती जवळजवळ विरली. वाचकांपैकी ज्यांनी वरचा तीन दांड्यांचा परिच्छेद लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांना उत्तर आलेच असेल: तिसऱ्यात जो दांडा रिकामा फिरतो तोच खालचा दांडा, आणि त्याचेच बेअरिंग. टकटक कुठेही नव्हती. म्हणजे दात शाबूत.

तरीही त्यांनी एक शंका फेडून घेतली. जीपला गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून पुढच्या चाकांना जोर जातो आणि चिखलात लागणारा हळू पण दमदार वेगही तेथेच मिळतो. त्यासाठीच शेजारी दोन लहान दांडे असतात. मिस्त्रींनी ही मागची पेटी न्यूट्रलमध्ये टाकली आणि उभ्या गाडीत गिअरबॉक्स एकेका गिअरात फिरविला. घरघर कायम राहिली. थांबली असती तर दोष मागच्या पेटीत किंवा त्याच्याही मागे शोधावा लागला असता. ही एक युक्ती ज्याला माहीत नाही तो भलतीच पेटी उघडून बसतो.

तिसरी खोडी निसटणाऱ्या दुसऱ्या गिअराची. मामांचा जीव याच खोडीत अडकला होता. ओढ्याकडे उतरताना दुसरा गिअर निसटला की इंजिनाची पकड जाते, आणि मागे झोपविलेला रोगी असताना नुसत्या ब्रेकवर ओल्या उतारावर गाडी सोडणे म्हणजे दैवावर हवाला. मिस्त्रींनी मामांना उतारावर गाडी घ्यावयास लावली आणि स्वतः दांड्यावर फक्त दोन बोटे ठेवली. पाय ॲक्सिलरेटरवर असे तोवर दांडा स्थिर. पाय उचलला की तो पुढे-मागे डोलू लागे आणि मग निसटे. परत आल्यावर त्यांनी गिअरबॉक्सखाली एक जाड बांबू घालून तरफेसारखा वर रेटला. सारी पेटी डोळ्यांना दिसेल इतकी हलली. तिच्याखालचे रबर झिजून चपटे झाले होते आणि इंजिनाशी जोडणारे दोन बोल्ट ढिले होते. पेटीच जागेवर नसेल तर तिच्यातले दात एकमेकांत पूर्ण कसे शिरणार? अर्धवट शिरलेला दात उताराच्या उलट्या रेट्याने बाहेर फेकला जातो. रबर नवे घालून आणि बोल्ट आवळून पाहिले, तर दहादा निसटणारा गिअर दोनदा निसटू लागला. "उरलेलं आत आहे," मिस्त्री म्हणाले. "आता जबडा उघडू."

जबडा उघडण्याआधी त्यांनी तेल काढले आणि ते एका पांढऱ्या थाळीत घेऊन उन्हात तिरपे धरले. जुन्या काळी वैद्य लघवी पाहात, तसेच ते दृश्य होते. सोनेरी चमक दिसली तर पितळी कडे झिजले. बारीक करडी भुकटी असली तर वयाची खूण, काळजी नको. कपच्या निघाल्या तर दात किंवा बेअरिंग फुटले. आणि तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले. मामांच्या गाडीचे तेल चहात दूध थोडे जास्त पडावे तसे झाले होते. त्यात सोनेरी कण होते, थोडीशी चकचकीत पोलादी कीस होती, मोठी कपची एकही नव्हती.

"पाणी कुठनं गेलं हो, शेट?" मिस्त्रींनी विचारले.

मामा पहिल्यांदाच बोलले. "ओढ्यातनं."

मिस्त्रींनी मग समजावून सांगितले. गाडी मैलभर चालून आली की पेटी तापलेली असते आणि आतली हवा फुगलेली. तशीच ती गार पाण्यात शिरली की हवा आकसते आणि बारीकसारीक फटींतून पाणी आत ओढून घेते. बेअरिंगला पाण्याइतका वैरी नाही. म्हणजे ती घरघर वयाची नव्हतीच. पावसाळ्यातल्या एकेका रात्रीची नोंद त्या बेअरिंगवर खड्ड्याखड्ड्यांनी झालेली होती. माझा मामेभाऊ थाळीकडे बराच वेळ पाहात राहिला. त्या प्रत्येक फेरीच्या वेळी तो डोंबिवलीस होता, आणि सकाळी फोनवर मामा नेहमी सांगत, "काही विशेष नाही, सगळं ठीक."

पेटी उघडली. खालच्या दांड्याचे बेअरिंग गेले होते. दुसऱ्या गिअराचे पितळी कडे झिजले होते आणि त्याच्यावर सरकणाऱ्या चाकाच्या दातांची टोके गोल झाली होती. दांड्याला जागेवर धरून ठेवणारी गोळी आणि तिची स्प्रिंग मऊ पडली होती. मुख्य चाकांचे दात मात्र, मिस्त्रींच्या शब्दांत सांगायचे तर, "चार दाती बैलासारखे" होते. एवढे चार-पाच सुटे भाग, रबर, नवी सीले आणि तेल. शहरातल्या आकड्याच्या चौथ्या हिश्शालाही हे सारे पोहोचले नाही. गॅरेजवाल्यांनी फसविले असे मी म्हणत नाही. त्यांना "गिअर बिघडलाय" एवढेच सांगण्यात आले होते, आणि एवढ्या निदानावर एवढेच औषध देता येते: सगळेच बदला.

तेलाच्या बाबतीत मिस्त्रींनी एक बजावून सांगितले, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या सर्वांनी लक्षात ठेवावे. दुकानदार पुष्कळदा "जास्त चांगलं" म्हणून जीएल-५ जातीचे गिअर ऑइल देतो. ते मागच्या आसाच्या चाकांसाठी उत्तम. पण त्यातील गंधकाची द्रव्ये काही वेळा पितळेला खातात, आणि त्याच्या अतिनिसरडेपणामुळे पितळी कड्याची पकडही कमी होते. पितळी कडी असलेल्या जुन्या पेटीला जीएल-४ बरे. सासुरवाशिणीला सगळे दागिने शोभतात असे नाही!

गाडी मृगाच्या आधी घरी आली. मामेभावाने हिशेबाचा कागद फाडला नाही. त्याने माझ्या वहीतले पान मागून घेतले: 'न्यूट्रल, क्लच सोडून: घरघर. क्लच दाबून: नाही. पहिला: घरघर. दुसरा: घरघर, उतारावर निसटतो. तिसरा: जवळजवळ नाही.' असे ते पान त्याने आपल्या हिशेबाच्या कागदाला टाचणीने जोडले, आणि हिशेबाच्या खाली शाईने लिहिले, 'गाडी ठेवावी.' त्यानंतर मामींनी बाप-लेकांना चहा एकाच वेळी दिला.

आषाढात एका रात्री मामांनी पलीकडच्या पाड्यातल्या एका बाईला ओढ्यातून काढून मुरबाडच्या दवाखान्यात पोहोचविले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मुलगा झाला की मुलगी, हे सांगावयाचे त्यांना सुचले नाही. "उतारावर दुसरा सुटला नाही रे!" एवढेच ते म्हणाले. मुलगी झाली, आणि दोघीही सुखरूप आहेत, हे मागून मामींनी फोन हातात घेऊन सांगितले. आता मामेभाऊ पाण्यातून गाडी गेली की दुसऱ्या सकाळी आठवण करतो: रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पेटीखालचा बूच किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड, ते तळाशी बसते आणि आधी बाहेर पडते. पाणी आले तर तेल बदलावे, नुसते तेल आले तर बूच लावून टाकावा. हे काम पाच मिनिटांचे आहे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे जीप नाही आणि ओढाही नाही. पण हाताने गिअर टाकावयाची मोटार अजून पुष्कळ घरांपुढे उभी आहे. दिवाळीच्या सुट्टीत कोठे दूर निघण्यापूर्वी एक सकाळ तिला द्यावी. इंजिन बंद ठेवून गिअर टाकून पाहावेत. इंजिन सुरू करून, क्लच दाबून, दहा मोजून रिव्हर्स टाकावा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबून आणि सोडून कान द्यावा. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक गिअरात थोडे चालवून, उतारावर पाय उचलून पाहावे. जे ऐकू येईल ते वहीत लिहावे; 'मोठा आवाज' असे नव्हे, घरघर, करकर की टकटक ते नेमके लिहावे. यासाठी लागणारी सारी हत्यारे आपल्या मायबोलीने आपल्याला जन्मतःच फुकट दिलेली आहेत. ते पान गॅरेजवाल्याच्या हाती ठेवावे आणि मग किल्ली द्यावी. गॅरेजवाला चांगला असेल तर त्याचे काम सोपे होईल. तसा नसेल, तर निदान समोर बसलेल्याला दात मोजता येतात हे तरी त्याला कळेल.